युरोपियमचा सिग्नल परत पडला? आधी कॉम्प्लेक्सला शिव्या देऊ नका

एप्रिल लागला की आमच्या लॅबमध्ये एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "मॅडम, परत पडला." पडला म्हणजे सिग्नल, युरोपियमच्या चमकेचा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत जे सँपल टॉर्चखाली झकास लाल चमकत असतं, तेच कॉम्प्लेक्स (युरोपियम धातू आणि त्याला धरणारा रेणू यांची जोडी), तेच कॉन्सन्ट्रेशन, तोच फ्लुरोमीटर (चमक मोजायचं यंत्र), आणि एप्रिलमध्ये काउंट, म्हणजे मोजलेला उजेड, निम्म्यावर. पहिल्या वर्षी म्हणालो सोलापूरचं ऊन, दुसरं काय. दुसऱ्या वर्षी केमिकल जुनं झालं म्हणून नवीन मागवलं (ते पैसे गेले ते गेलेच). तिसऱ्या वर्षी मात्र एकाच आठवड्यात एका कॉम्प्लेक्सचा सिग्नल पडला आणि दुसऱ्याचा चक्क वाढला, तेव्हा माझं डोकंच फिरलं, कारण उन्हाने दोघांचाही पडायला पाहिजे होता. शेवटी जे सापडलं ते इतकं साधं होतं की सांगायला लाज वाटते, पण सांगते, कारण हाच घोळ इतरांकडेही होत असणार.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. युरोपियम, टर्बियम हे रेअर अर्थ धातू स्वतः प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत, त्यांची ती एफ-एफ संक्रमणं (इलेक्ट्रॉनच्या आतल्या आत उड्या) निषिद्ध, म्हणजे क्वचितच घडणाऱ्या प्रकारातली असतात. म्हणून त्यांच्याभोवती एक सेंद्रिय लिगँड, म्हणजे धातूला धरणारा रेणू, बांधायचा, तो यूव्ही प्रकाश पकडतो आणि ऊर्जा धातूकडे सरकवतो. यालाच अँटेना म्हणतात. लिगँडने शोषलेल्या उजेडावर युरोपियम चमकतं हे रसायनशास्त्रज्ञ वाइसमन यांनी १९४२ मध्ये दाखवलं. युरोपियम लाल चमकतं, मुख्य रेषा ६१५ नॅनोमीटरच्या आसपास, आणि टर्बियम हिरवं, ५४५ ला. बायोलॉजीवाल्यांना यात रस का, तर हा उजेड मिलिसेकंदभर टिकतो. सीरम, पेशी, प्लास्टिकची प्लेट यांची स्वतःची चमक काही नॅनोसेकंदात विझते, म्हणजे फ्लॅश मारायचा, थोडं थांबायचं, आणि मग मोजायचं, तोवर बाकीची गर्दी पांगलेली असते. फिनलंडमधल्या तुर्कूत १९८० च्या दशकात याच कल्पनेवर डेल्फिया नावाची चाचणी पद्धत उभी राहिली, तिच्यात फ्लॅशनंतर ४०० मायक्रोसेकंद थांबून पुढचे ४०० मायक्रोसेकंद मोजतात. नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावरून थायरॉइड तपासतात ना, त्यातही ही वापरली जाते.

आता आमचा घोळ. आमच्याकडे दोन कॉम्प्लेक्स चालतात. एक टीटीएचं (हा बीटा-डायकीटोन जातीचा लिगँड), ट्रायटन या साबणासारख्या रसायनाच्या मायसेलमध्ये, म्हणजे बारीक गोळ्यांत, ठेवलेलं, भन्नाट चमकतं पण धातूला धरून ठेवण्यात कच्चं. दुसरं डीओथ्रीए जातीचं, म्हणजे युरोपियम लिगँडच्या मोठ्या वर्तुळात नीट बसवलेलं, पण त्याच्या दोन जागा मोकळ्या, तिथे पाण्याचे दोन रेणू येऊन बसतात. पहिल्याचा पडला, दुसऱ्याचा वाढला.

पहिली चूक आम्ही सगळेच करतो, नुसते काउंट बघतो. काउंट कशानेही बदलतात, दिवा म्हातारा झाला, स्लिट (उजेडाची फट) हलली, क्युव्हेटवर (सँपल ठेवायच्या छोट्या चौकोनी नळीवर) बोट लागलं, काहीही. उजेड किती आहे हे विचारायच्या आधी तो किती वेळ टिकतो, म्हणजे त्याचा लाइफटाइम, हे विचारा. लाइफटाइम मोजायचं वेगळं मशीन नाही म्हणून रडायची गरज नाही, फ्लुरोमीटरच्या साध्या फॉस्फरसन्स मोडवर, म्हणजे फ्लॅशनंतर थांबून मोजायच्या मोडवर, जुगाड होतो. गेट (किती वेळ मोजायचं) तेवढंच ठेवा आणि फक्त डिले (फ्लॅशनंतर किती थांबायचं) बदलून दोनदा वाचा. समजा ०.२ मिलिसेकंद डिलेला १२००० काउंट आले आणि ०.८ ला ४४१५, तर गुणोत्तर साधारण २.७२, त्याचा नॅचरल लॉग १, आणि डिलेमधला फरक ०.६, म्हणून लाइफटाइम ०.६ मिलिसेकंद. झालं. दोन पॉइंटवर भागत नसेल तर वीस-पंचवीस डिले घ्या, काउंटचा लॉग काढून ग्राफ मारा, सरळ रेष आली तर एकच जात आहे, रेष वाकली तर बाटलीत दोन प्रकारचं युरोपियम बसलंय असं समजा. फक्त ०.१ मिलिसेकंदाच्या आतले पॉइंट धरू नका, झेनॉन फ्लॅशची शेपटी तिथपर्यंत रेंगाळते.

यातून काय कळतं ते नीट वाचा, खरी मेख इथेच आहे. काउंट पडले आणि लाइफटाइमही पडला, तर चमकणाऱ्या धातूपाशीच कोणीतरी नवीन येऊन बसलंय, बहुतेक वेळा पाणीच. काउंट पडले पण लाइफटाइम जसाच्या तसा, तर जे कॉम्प्लेक्स उरलंय ते धडधाकट आहे, फक्त त्यांची संख्या कमी झालीय किंवा त्यांच्यापर्यंत उजेड पोचत नाहीये. आणि काउंट वाढले, लाइफटाइमही वाढला, तर खूश होऊ नका, पाणी उठून गेलंय आणि त्याच्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसलंय.

आमचं टीटीएवालं सँपल मोजलं, लाइफटाइम हलला नव्हता, काउंट मात्र निम्मे. डीओथ्रीएवालं मोजलं, तर ०.३५ च्या आसपास असणारा लाइफटाइम ०.६ च्या वर. मग स्पेक्ट्रम काढला. युरोपियमची एक सोय फार छान आहे, ५९२ ची रेषा आजूबाजूच्या परिस्थितीला फारशी भीक घालत नाही आणि ६१५ ची रेषा अतिशय हळवी, म्हणून दोघींचं गुणोत्तर बदललं की शेजार बदलला असं खुशाल समजावं. डीओथ्रीएवाल्यात ते बदललं होतं. टीटीएवाल्यात नव्हतं. म्हणजे एका बाटलीतून युरोपियम पळवून नेलं जात होतं आणि दुसऱ्या बाटलीत पळवता येत नव्हतं म्हणून तो चोर निदान खुर्चीत येऊन बसत होता. चोर एकच, वागणूक दोन. एवढं कळलं तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि सकाळचा डबा उघडलेलाही नव्हता, कडक भाकरी आणि शेंगा चटणी फ्लुरोमीटरच्या शेजारीच बसून खाल्ली. (लॅबमध्ये खाऊ नये. माहितीये.)

चोर सापडला तो यूव्ही टॉर्चने. एका पोरीने अंधारात सहज क्युव्हेटच्या स्टँडवर टॉर्च मारली आणि म्हणाली, "मॅडम, हे निळं काय चमकतंय?" धुवून ठेवलेल्या क्युव्हेटच्या तळाशी, कोपऱ्यात, निळसर पांढरी कड. तशीच चमक शेजारी वाळत घातलेल्या टॉवेलवर. आपल्या सोलापुरात टॉवेलला तोटा नाही, आणि पांढरा टॉवेल यूव्हीत निळा का पेटतो हे इथल्या मिलवाल्यांच्या पोरांनाही माहीत असतं, ते ऑप्टिकल ब्राइटनर, कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून घातलेलं रसायन. तोच ब्राइटनर कपड्याच्या धुण्याच्या पावडरमध्ये. आणि आमची काचेची भांडी एप्रिलमध्ये धुण्याच्या पावडरने धुतली जात होती.

का, तर पाणी. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, बोअर आटत आलेलं, आणि मार्चअखेर मीच लॅबची भांडी धुणाऱ्या मामांना सांगितलं होतं की मामा, पाणी जपून वापरा. मामांनी जपून वापरलं. लॅबचं डिटर्जंट संपलं होतं म्हणून घरची पावडर आणली आणि एका मगात सगळं विसळलं. त्यांची काय चूक, मी त्यांना कशासाठी काय धुतोय हे कधी सांगितलंच नव्हतं. पावडरमध्ये ढीगभर धुण्याचा सोडा असतो, म्हणजे कार्बोनेट, काहींत फॉस्फेटही. ही दोन्ही युरोपियमची आवडती माणसं. क्युव्हेटला चिकटलेल्या थेंबातून सोडा आला तरी तो मिलिमोलरमध्ये येतो आणि आमचं कॉम्प्लेक्स मायक्रोमोलरमध्ये, म्हणजे शेकडो जणांनी एकाला घेरल्यासारखं. खात्री करायला स्वच्छ सँपलमध्ये मुद्दाम चिमूटभर सोडा टाकला, पाच मिनिटांत तोच प्रकार, एकाचा पडला, दुसऱ्याचा वाढला.

यात एक गंमत बघा, ब्राइटनरची निळी चमक आमच्या गेटेड रीडिंगमध्ये कधी दिसलीच नाही, ती नॅनोसेकंदातच विझते, म्हणून तीन वर्षं पत्ता लागला नाही. डिले न लावता साधा स्पेक्ट्रम एकदा जरी काढला असता तर ४३० च्या आसपासचा निळा डोंगर पहिल्याच दिवशी दिसला असता. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, गेट लावायच्या आधी एकदा बिनगेटचं बघायचं.

आता धुवायचं कसं, पाणी तर वाढणार नाहीये. इथे पोरांना मी हिशोबच करून दाखवला. विसळून ओतल्यावर छोट्या भांड्याला समजा ०.२ मिली चिकटून राहतं. १५ मिली शुद्ध पाण्याने एकदा धुतलं तर मळ ७६ पट पातळ होतो. तेच १५ मिली पाणी पाच-पाच-पाच करून तीनदा वापरलं, दर वेळी नीट झटकून, तर २६ गुणिले २६ गुणिले २६, म्हणजे साडेसतरा हजार पट. पाणी तेवढंच! हे ऐकून मामा म्हणाले, "मॅडम, हे तर आमची आजी करायची, घागरीत थोडंथोडं." आता आमचा क्रम असा की आधी पातळ नायट्रिक ॲसिडमध्ये भिजवायचं, मग शुद्ध पाण्याने थोडंथोडं तीन-चार वेळा, मग टॉर्च मारून बघायचं, आणि पुसायला टॉवेल अजिबात नाही, उलटं ठेवून वाळवायचं. युरोपियमची भांडी वेगळ्या टबात. टबावर मामांनी खडूने "लाल" लिहिलंय.

सोडा हा आमचा चोर, तुमचा वेगळा असू शकतो. सगळ्यात जास्त वेळा सापडणारा म्हणजे पीबीएस, फॉस्फेटवालं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण). बायोलॉजीच्या पोरांना पीबीएस म्हणजे गंगाजल, कशातही ओततात. पण फॉस्फेट आणि रेअर अर्थ एकत्र आले की न विरघळणारं मीठ होऊन बसतं, कच्च्या कॉम्प्लेक्समध्ये तर बाटली उजेडाकडे धरली की धुरकट दिसते. त्याऐवजी ट्रिस किंवा हेपेस बफर घ्या. धातू पूर्ण कोंडलेलं, मोकळी जागाच नसलेलं कॉम्प्लेक्स असेल तर पीबीएस चालतं, पण ते तुमचं आहे का हे आधी तपासा. दुसरा म्हणजे ईडीटीए, धातूला घट्ट पकडणारं रसायन, हा लपून येतो. ट्रिप्सिनच्या बाटलीत असतो, डीएनएच्या टीई बफरमध्ये असतो, जांभळ्या झाकणाच्या रक्ताच्या नळीत असतो. युरोपियम आणि ईडीटीएचा स्थिरांक (पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा) लॉगमध्ये १७ च्या घरात, डीटीपीए या लिगँडचा २२ च्या घरात, त्यामुळे डीटीपीए किंवा डोटा या घट्ट लिगँडांत बसवलेलं युरोपियम ईडीटीएला दाद देत नाही, टीटीएवालं मात्र क्षणात लुटलं जातं. लक्षण तेच, काउंट पडतात आणि लाइफटाइम तसाच.

उलटा किस्साही आहे. एनर्जी ट्रान्स्फरवाल्या चाचण्यांत, म्हणजे युरोपियम क्रिप्टेट (पिंजऱ्यासारख्या लिगँडात बसवलेलं युरोपियम) एका अँटीबॉडीवर, दूरच्या लालमध्ये चमकणारा डाय दुसरीवर, आणि ६६५ व ६२० चं गुणोत्तर बघायचं, तिथे काही बफरमध्ये पोटॅशियम फ्लोराइड मुद्दाम घालतात. फ्लोराइड जाऊन पाण्याच्या जागी बसतं आणि चमक वाचते. आमच्या एका विद्यार्थ्याने "अनावश्यक मीठ" म्हणून ते गाळलं आणि मग आठवडाभर अँटीबॉडीला दोष देत बसला. क्रिप्टेटवरून आठवलं, हे पिंजरे बांधणारे ज्याँ-मारी लेन, १९८७ च्या रसायनाच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे.

पाणी खरंच किती बसलंय हे मोजायचंच असेल तर जड पाणी लागतं, म्हणजे हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम (डी) असलेलं. ओ-एच बंध युरोपियमची ऊर्जा कंपनातून गिळतो, ओ-डीला ते तितकं जमत नाही, म्हणून नुसतं युरोपियमचं मीठ साध्या पाण्यात ०.११ मिलिसेकंद चमकतं आणि जड पाण्यात ४ मिलिसेकंदांच्या आसपास. दोन्हीत लाइफटाइम मिलिसेकंदात काढा, दोघांचे व्युत्क्रम घ्या, वजाबाकी करा, त्यातून ०.२५ वजा करा, आणि १.२ ने गुणा. समजा साध्या पाण्यात ०.६ आणि जड पाण्यात १.८ आलं, तर १.६७ वजा ०.५६ म्हणजे १.११, त्यातून ०.२५ गेले ०.८६, गुणिले १.२ म्हणजे १.०३, धातूपाशी पाण्याचा एक रेणू. टर्बियमला आकडे वेगळे, ०.०६ वजा आणि ५ ने गुणायचं. उत्तर १.४ आलं तर घाबरू नका, पण चांगल्या दिवशी १ येणारं कॉम्प्लेक्स वाईट दिवशी ० दाखवत असेल तर समजा की कोणीतरी खुर्ची बळकावलीय. आणि पाण्याला सरसकट खलनायक पण समजू नका, एमआरआयच्या गॅडोलिनियममध्ये धातूपाशी बसणारा तोच पाण्याचा रेणू मोठं काम करतो, शेजारचा धातू बदलला की हिरो होतो बिचारा.

ऊन अगदीच निर्दोष नाहीये हं. टर्बियमच्या बाबतीत आमचा पहिला संशय अर्धा खरा निघाला. टर्बियमची चमकणारी पातळी साधारण २०४०० सेंटिमीटर व्युत्क्रमला (हे ऊर्जेचं एकक) आहे, युरोपियमची १७२०० ला. लिगँडची ट्रिपलेट पातळी (जिथून ऊर्जा धातूकडे उतरते ती) टर्बियमच्या फार जवळ असली, फरक १८५० च्या आत आला, तर ऊर्जा धातूकडून उलटी लिगँडकडे चढते, आणि ४३ डिग्रीच्या दुपारी ती चढण आणखी सोपी होते. वर हवेतला ऑक्सिजन ट्रिपलेटला गिळायला टपलेला. ओळखायचं कसं, तर सँपलमधून दहा मिनिटं नायट्रोजन सोडा, किंवा क्युव्हेट होल्डर २० डिग्रीवर आणा, लाइफटाइम टुणकन वाढला तर हेच. यावर बफर बदलून काही होत नाही, लिगँडच बदलावा लागतो, किंवा आमच्यासारखं सकाळी सातला येऊन मोजावं लागतं. युरोपियमला या बाबतीत फारसा त्रास नाही.

डाळिंबवाल्यांसाठी एक वेगळी ओळ, कारण इथे प्रत्येक दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये डाळिंब असतंच. पानाचा किंवा सालीचा अर्क घातला की सिग्नल मरतो, त्याला दोन कारणं एकाच वेळी. टॅनिन्स यूव्ही आधीच पिऊन टाकतात, अँटेनापर्यंत उजेड जातच नाही, शिवाय धातूलाही चिकटतात. आधी ३४० ला ॲबसॉर्बन्स बघा, ०.१ च्या वर असेल तर पातळ करा आणि मगच पुढचं बोला. आणि बिनगेटच्या स्पेक्ट्रममध्ये ३०८ ने एक्साइट करून ६१६ ला सुंदर टोकदार शिखर मिळालं म्हणून नाचू नका, ते दिव्याचं सेकंड ऑर्डर असतं, म्हणजे ३०८ चाच उजेड दुप्पट आकड्यावर दिसतो, ३०८ दुणे ६१६. मध्ये ४०० चा कट-ऑफ फिल्टर टाका, ते नाहीसं होईल आणि खरं असेल ते उरेल.

ब्लँकच (ज्यात चमक नसायला हवी ते सँपल) जास्त येत असेल तर मात्र हा पोस्ट उलटा वाचा, तिथे धातू कमी नाही, जास्त झालाय. डेल्फियाच्या एन्हान्समेंट सोल्युशनमध्ये (चमक वाढवणाऱ्या द्रावणात) कुठूनही आलेलं युरोपियम चमकतं, पिपेटच्या नळीत चढलेलं, टेबलावर सांडून वाळलेलं, कालच्या स्टॉकच्या (घट्ट मूळ द्रावणाच्या) झाकणावरचं. स्टॉकची बाटली आणि चाचणीची पिपेट एका खोलीत नकोतच. आमच्याकडे दुसरी खोली नाही, म्हणून स्टॉक व्हरांड्यातल्या कपाटात आहे.

जड पाण्याची बाटली उघडी ठेवली की हवेतलं साधं पाणी त्यात मिसळतं, हे जूनमध्ये पहिला पाऊस आल्यावर कळलं, जड पाण्यातला लाइफटाइम दर आठवड्याला थोडाथोडा घसरत होता. आता बाटली पॅराफिल्म (बाटली बंद करायची ताणता येणारी पट्टी) लावून डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या भांड्यात) आहे, आणि किल्ली मामांकडे.